शेल गॅसच्या विहिरी आणि वर्गमुळाचा आलेख: पेरणीपासून वापरतोय, त्याचा अनुभव

काम घरून, काटोल तालुक्यातल्या गावातून. कंपनीचं सॉफ्टवेअर चांगलंच आहे, पण त्याला लायसन्ससाठी सतत नेट लागतं आणि इकडे लाईन गेली की मोबाईलचा टॉवरही मान टाकतो. म्हणून साधी फुकटची स्प्रेडशीट धरली. विहीर किती दमदार आहे आणि तिचा गॅस कसा घटतोय, हे त्यातल्या आलेखावरून बघतो. आकडे पेनसिल्व्हेनिया राज्याचे. मार्सेलस शेल म्हणजे तिथला गॅस धरून ठेवणारा घट्ट खडक, त्यातल्या विहिरींचं उत्पादन ते राज्य जाहीर करतं.

आडव्या अक्षावर काळाचं वर्गमूळ, उभ्यावर १ भागिले दर, म्हणजे दिवसाला निघणारा गॅस. शेल इतका घट्ट की गॅस सरळ फ्रॅक्चरच्या, म्हणजे दाबानं खडकात पाडलेल्या भेगेच्या, भिंतीकडेच सरकतो. हे चालू आहे तोवर दर काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो आणि बिंदू एका रेषेत बसतात. फक्त महिन्याचा आकडा जसाच्या तसा टाकू नका. विहीर त्या महिन्यात दहा-बारा दिवसच चालली असेल तर उगाच मोठी घट दिसते. उत्पादनाचे दिवस त्याच तक्त्यात दिलेले असतात, त्यांनी भागा. निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

उतार जितका कमी, तितकी विहीर दमदार. पण त्यातून फ्रॅक्चरचं क्षेत्रफळ आणि पारगम्यतेचं (खडकातून गॅस किती सहज वाहतो त्याचं) वर्गमूळ यांचा नुसता गुणाकार हाती येतो. दोन्ही सुटे करायचे तर रेषा वर वळेपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे शेजारशेजारच्या फ्रॅक्चरांचा परिणाम मधोमध भिडेपर्यंत. फ्रॅक्चरमधलं अंतर दुप्पट, तर हा वेळ चौपट.

इथेच घाई नडते. आमच्या शेतातल्या पाण्याच्या विहिरीत आडवे बोअर मारले तेव्हा पहिल्याच उन्हाळ्याचं पाणी पाहून बाबा संत्र्याची नवी बाग लावायला निघाले होते, शेलवालेही तसेच. वळणाआधीच्या आकड्यांना उत्पादनाची घट मांडणारं आर्प्सचं १९४५ चं सूत्र लावा, त्यातला 'बी' (घट किती मंदावत जाते ते सांगणारा आकडा) २ च्या आसपास येतो. आणि 'बी' १ किंवा जास्त असला की एकूण गॅसची बेरीज कुठे थांबतच नाही. अनंत गॅस, बाप्पा!

तक्रार एकच, पण मोठी. वळण कशानं आलं, हे आलेख सांगत नाही. नळीत पाणी साचलं तरी बिंदू वर जातात, बाजूला नवी विहीर फ्रॅक केली तरी जाऊ शकतात. शिवाय सगळी मांडणी विहिरीच्या तळाचा दाब स्थिर धरून आहे आणि जाहीर तक्त्यात दाब नसतोच. सुरुवातीचे महिने चोक (गॅसचा प्रवाह रोखणारी झडप) आवळून चालवलेल्या विहिरीला हा आलेख लावूच नका. तिथे दाबाचे आकडे मिळवा आणि सॉफ्टवेअरच उघडा, लाईन असेल तेव्हा.