शटरच्या पूरफळ्या: पाचपैकी साडेतीन स्टार

चिपळूणच्या बाजारात माझी पिठाची गिरणी आहे. २२ जुलै २०२१ ला एसटी आगारात गाड्यांचे टप तेवढे दिसत होते, त्यावरून गिरणीचं काय झालं ते समजा. दोन्ही मोटरी रिवाइंडिंगला गेल्या. आंबलेल्या गव्हाचा वास दिवाळीपर्यंत हटला नाही.

मग एका कंपनीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या फळ्या घेतल्या. शटरच्या दोन्ही बाजूंना खाचा, त्यात एकावर एक फळ्या सरकवायच्या, मध्ये रबरी पट्टी, वरून स्क्रू आवळायचा. दहा फुटी शटर, तीन फूट उंची, फिटिंगसकट ५२ हजार. मला लावायला वीस मिनिटं लागतात, पोराला बारा.

मध्यंतरी गल्लीत गुडघाभर पाणी आलं. फळ्यांतून जेमतेम थेंब आले. पण मोरीच्या जाळीतून बुडबुड सुरू झाली आणि जांभ्याची भिंत पाझरायला लागली. जांभा म्हणजे चाळणीच की! मोरीच्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह, भिंतीला दोन्हीकडून प्लास्टर, हा खर्च विकणारा सांगत नाही.

सहा फूट उंच का नाही घेतल्या, असं शेजारी विचारतात. एवढ्या शटरवर तीन फूट पाण्याचा रेटा सव्वा टन. सहा फुटांना तो दुप्पट नाही, चौपट होतो. फळ्या टिकतील, भिंत जाईल. त्यापेक्षा पाणी आत घेतलेलं परवडलं.

आमची गिरणी निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर पोचतो त्या हद्दीत. २५ वर्षांतून एकदाचा पूर म्हटलं की लोक निवांत होतात. अहो, म्हणजे दरवर्षी शंभरात चार! दहा वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता तिनात एक. आणि २०२१ सारखं आलं तर माझ्या फळ्या तळाशी.

म्हणून ९ हजारांचं काम मला जास्त मोलाचं वाटतं. स्टार्टर आणि मेन स्विच सात फुटांवर नेले, छताच्या गर्डरला चेन कप्पी लावली. चार बोल्ट काढले की मोटर वर. स्टार्टर बुडाला तर बुडाला, नवा आणता येतो. दुसऱ्या शटरला फळ्या घेतल्याच नाहीत; तिथे तीन फूट भिंत घालून वर खिडकी केली.

दीड स्टार कापला, त्यातला अर्धा रबरी पट्टीपायी. गिरणी म्हटली की उंदीर आलेच, आणि पट्टी सुटी मिळत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो. पाऊस सरला की पट्ट्या काढून पत्र्याच्या डब्यात ठेवा, झाकण घट्ट लावून.