एक दाढ गेली: इम्प्लांट की ब्रिज?
शेजारचे दोन्ही दात धडधाकट असतील तर माझा कौल इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या स्क्रूवरच्या कृत्रिम दाताला. ब्रिज म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला कृत्रिम दात; त्यासाठी ते निरोगी दात कोरून बारीक करावे लागतात, आणि गेलेलं इनॅमल (दाताचं वरचं कठीण कवच) परत येत नाही. ब्रिजखालच्या रिकाम्या जागेचं हाडही हळूहळू झिजत राहतं. इम्प्लांटचा टायटॅनियम स्क्रू हाडाशी एकजीव होतो. त्याला साधारण ३ ते ६ महिने लागतात, खर्चही जास्त. ब्रिज काही आठवड्यांत बसतो.

शेजारच्या दातांना आधीच कॅप लागणार असेल, तर मात्र ब्रिजच बरा. साखर आटोक्यात नसेल, तंबाखू सुटत नसेल, तर इम्प्लांटची घाई नकोच.

ठाणेकरांनो, पैशांमुळे अडलं असेल तर ट्रान्स-हार्बरने नेरुळ गाठा आणि डी. वाय. पाटीलच्या दंत महाविद्यालयात विचारा. महाविद्यालयांतले दर खासगी दवाखान्यांपेक्षा सहसा कमी असतात.