शंभर गाठींची प्रार्थना-माळ: वीण उत्तम, सोबतची चिठ्ठी मात्र चुकीची

बडोद्याच्या फतेहगंजातील एका छोट्या दुकानातून मी काळ्या लोकरीची ही माळ 480 रुपयांना घेतली. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेत, विशेषतः ग्रीसमधील अथोस पर्वतावरील मठांत, अशा माळेच्या एकेका गाठीवर बोट ठेवून ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ एवढेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. आमच्या वरच्या मजल्यावरील काकूंनी ती हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, “एकशे आठ नाहीत होय?”

गाठी घट्ट आणि एकसारख्या आहेत. लोकरीचा आवाज होत नसल्यामुळे सिटी बसमध्ये खिशात हात ठेवूनही नाम घेता येते. दर 25 गाठींनंतर एक लाकडी मणी असतो. माझ्या माळेत तिसऱ्या मण्यापूर्वी 26 गाठी भरल्या. टोकाचा गोंडा, जो परंपरेने पश्चात्तापाचे अश्रू पुसण्यासाठी असतो, महिनाभरातच सुटू लागला. बडोद्याच्या उन्हाळ्यात लोकर घामेजते, हेही लक्षात घ्यावे.

खरी तक्रार आहे ती डबीतील चिठ्ठीविषयी. ‘माळ जवळ बाळगल्यास संकटे टळतात’ असे तीत छापले आहे. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय 19 मध्ये एका यहूदी याजकाच्या सात मुलांनी येशूचे नाव मंत्रासारखे वापरून पाहिले, तेव्हा ‘येशू ठाऊक आहे, पौलही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण?’ असे विचारून दुष्टात्म्याने त्यांना उघडेनागडे पळवून लावले. नावाचे सामर्थ्य ज्याचे नाव आहे त्याच्याकडे असते, लोकरीत नव्हे, हे विक्रेत्याला सांगावे लागावे याचे वाईट वाटले.

आमचे घराणे मूळचे नगरकडचे, प्रॉटेस्टंट. घरात माळ कधीच नव्हती आणि प्रार्थनेत तेच ते बोलण्याविरुद्ध बजावणाऱ्या बायबलमधील मत्तय 6:7 मधील ‘व्यर्थ बडबड’ या शब्दांचा धाक लहानपणापासून होता. मात्र ‘येशू’ या नावाचा मूळ हिब्रू अर्थच ‘परमेश्वर तारण करतो’ असा असल्यामुळे ते उच्चारणे हीच एक विनवणी ठरते, आणि यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्याने गर्दी दटावत असतानाही ‘येशू, माझ्यावर दया कर’ हीच हाक अधिकच मोठ्याने मारली होती, हे ध्यानात आल्यावर तो धाक बराच ओसरला. फोटिकीचे बिशप डायाडोकस यांनी 5व्या शतकातच सांगून ठेवले आहे की मनाला काही ना काही काम हवेच असते, म्हणून त्याला ‘प्रभू येशू’ एवढेच द्यावे. माझे मन दहाव्या गाठीपर्यंत दुधाच्या हिशेबात असते. चाळिसाव्या गाठीच्या पुढे कधीतरी ते वाक्यावर येते.

दुकानदारांनी माळ बदलून देण्याची तयारी दाखवली होती. मी फक्त गोंडा शिवून घेतला आणि चिठ्ठी त्यांना परत केली. आईसाठी 33 गाठींची लहान माळ सांगून ठेवली आहे, चिठ्ठीविना.