लाल दिवा विझतच नव्हता : २८ लिटरचा ओटीजी, आठ महिन्यांनंतर

ओटीजी म्हणजे घरचा छोटा विजेचा ओव्हन. जानेवारीत घेतला, १५०० वॅट, तापणारे चार रॉड. फीचर सगळ्यांना माहितीयत, ते लिहीत बसत नाही. मला त्याच्या हीटिंगच्या लाल दिव्याबद्दलच लिहायचंय, कारण त्या दिव्यानं माझे दोन महिने खाल्ले.

आमच्याकडं परभणीत नानकटाई म्हणलं की तूप-साखर-मैदा डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर न्यायचं, भाजणावळ द्यायची आन् नंबर येईपर्यंत तिथंच बसून राहायचं. ते पैसे आन् ते बसणं वाचावं म्हणून ओटीजी घेतला. मार्चपर्यंत एक नंबर चालला. १८० वर ठेवला की दहा-बारा मिनिटात दिवा विझायचा, म्हणजे आत तापमान आलं, थर्मोस्टॅटनं (तापमान सांभाळणाऱ्या स्विचनं) रॉड बंद केले, ढकला ट्रे.

एप्रिलमधे भाचे आले, संध्याकाळी आठला नानकटाई लावली तर दिवा विझायचं नाव घेईना. वीस मिनिटं झाली, तीस झाली. पोरं ओट्यापाशी उभी. शेवटी तसाच ट्रे ठेवला, तर नानकटाई धरायच्या आधीच तूप वितळलं आन् सगळ्या पसरून एकमेकीला चिकटल्या. अर्धा किलो घरचं तूप होतं ते, आईनं कढवलेलं, मला लई लागलं.

सर्विसवाल्यांना तीन फोन केले. माणूस आला तो सकाळी अकराला, दिवा अकरा मिनिटात विझला, "मॅडम, ओव्हन ओके आहे" म्हणून वॉरंटीत असताना व्हिजिटचे ३५० घेऊन गेला. मी लई भांडले. त्याच रात्री 'थर्मोस्टॅट खराब, घेऊ नका' म्हणून एक स्टार दिला. आज ते वाक्य मागं घेते, थर्मोस्टॅट ठणठणीत आहे. पण ३५० चा राग अजून आहे, कारण त्यानं एकदा तरी विचारायला पाहिजे होतं की ताई, हे कोणत्या वेळेला होतं?

विचारलं आमच्या वायरमन दादानं. त्यानं रात्री आठला येऊन व्होल्टेज मोजायचा मीटर लावला. ओव्हन बंद असताना घरच्या लाईटच्या मीटरपाशी १७८ व्होल्ट, पाहिजेत २३०. ओव्हन चालू केला तर तिथं १७४ आन् ओव्हनच्या प्लगपाशी फक्त १५८! आम्हाला कळलं कामून नाही, तर घरात सगळे एलईडी. जुना पिवळा बल्ब असता तर मिणमिणला असता, एलईडी एवढ्या कमी व्होल्टेजला पण तसाच उजेड देतो. पंखा हळू फिरायला लागला होता, ते आम्ही कंडेन्सरवर ढकललं.

रॉडचं गणित दादानं समजावलं ते तुम्हाला पण सांगते. व्होल्टेज कमी झालं की पॉवर त्याच्या वर्गाच्या हिशोबानं पडते. १५८ म्हणजे २३० च्या ६९ टक्के, पण पॉवर राहते ४७ टक्के, १५०० चा ओव्हन ७०० वॅटवर आला. चारी रॉड लावून दिवा विझायला ४० मिनिटं, आन् केकसाठी खालचे दोनच लावले तर दिवा विझतच नाही, जेवढी उष्णता तयार होती तेवढी पत्र्यातून बाहेर जाती. रॉडला यानं काही होत नाही, फ्रीजच्या मोटारीला मात्र होतं.

आता मीटरपासून प्लगपर्यंत १७४ चे १५८ झाले, ते १६ व्होल्ट गेले कुठं? ओव्हनच्या प्लगचा बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू ढिला, वायरचं प्लास्टिक काळं पडून कडक झालेलं, हात लावला तर चटका बसला. साडेचार अँपिअर गुणिले १६ व्होल्ट, ७२ वॅट भिंतीत तापत होते, आन् त्याचं बिल मी भरत होते. दुकानदारानं तर स्टॅबिलायझर (व्होल्टेज वाढवून देणारा डबा) गळ्यात मारला होता, तोही फ्रीजचा, जो या लोडला पुरतच नाही. मोठा घेतला असता तरी त्यानं लाईनमधून दुपटीहून जास्त करंट ओढला असता आन् त्या ढिल्या सांध्यात चारपटीहून जास्त उष्णता झाली असती. आधी वायर बघा, मग स्टॅबिलायझर. आम्ही एमसीबीपासून (मेन बोर्डातल्या स्विचपासून) थेट ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, १६ अँपिअरचं नवीन सॉकेट लावलं, प्लगपाशी १७३ आले.

तरी १७३ च. घरचा दोष संपला, राहिला बाहेरचा. आमचं घर डीपीपासून (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर, उन्हाळ्यात गल्लीत घरोघर कूलर. समोरच्या घरी त्याच वेळेला २२८ होते, कारण त्यांचा फेज, म्हणजे खांबावरची विजेची तार, दुसरा. नियमानं आपल्याला २३० च्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४ मिळायला पाहिजे. रोज रात्री आठचं रीडिंग वहीत लिहून पंधरा दिवसांचा तक्ता लेखी अर्जाला जोडला, तेव्हा कुठं लाईनमन भाऊ आले. त्यांनी खांबावरचा कार्बन धरलेला जंपर (तारा जोडणारा तुकडा) बदलला आन् आमच्या बाजूची काही घरं दुसऱ्या फेजवर टाकली.

आता संध्याकाळी २०५ असतात. नियमापेक्षा कमीच, अर्जाचा पाठपुरावा चालू आहे. पण ओव्हनला चार स्टार केलेत. महालक्ष्म्यांच्या फराळाची नानकटाई रात्री नऊला लावली, सोळाव्या मिनिटाला दिवा विझला. केक मात्र मी अजून पहाटेच लावते.