पेट्रोलची चेनसॉ की बॅटरीची?

मुंबईत पावसाळ्यात गुलमोहराच्या फांद्या कोसळल्या की सोसायटीत चेनसॉ (फिरत्या दातेरी साखळीची यंत्रकरवत) घ्यायचा विषय निघतोच. (उभं झाड तोडायचं तर आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, हे विसरू नका.)

जाड, ओला बुंधा दिवसभर कापायचा असेल तर पेट्रोलच्या यंत्राला तोड नाही. इंधनाची काळजी मात्र सतत घ्यावी लागते. टू-स्ट्रोक इंजिन, त्यामुळे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं. पुस्तिकेत ५०:१ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं. मुंबईच्या दमट हवेत ते महिनोन्‌महिने टाकीत राहिलं की कार्ब्युरेटर तुंबतो आणि ऐन वादळात यंत्र सुरू करायची दोरी ओढून ओढून हात दुखतात. म्हणून ठेवताना टाकी रिकामी करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या.

बॅटरीची चेनसॉ बटण दाबताच सुरू होते, धूर नाही, आवाजही कमी. चार्ज लवकर संपतो आणि भर पावसात ती वापरू नये. पडलेल्या फांद्यांसाठी मी सोसायटीला हीच सुचवेन. गावी सरपणासाठी ओंडके कापणाऱ्याने पेट्रोलचीच घ्यावी.

चेनची निगा दोन्हींत सारखीच. जाडसर चुऱ्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला की धार गेली असं समजा आणि योग्य मापाची गोल कानस फिरवा. चेन ऑइल बॅटरीच्या यंत्रालाही लागतं; ते न घालता चालवलं तर बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती पट्टी, तापून खराब होतो.