ऑप्टिकल ट्वीझर्सचा शैक्षणिक संच: खान्देशच्या उन्हाळ्यात बल मोजायचं तर

ऑप्टिकल ट्वीझर्स म्हणजे लेझरच्या केंद्रित प्रकाशाने सूक्ष्म कण पकडणारा चिमटा. लाल डायोड लेझर, १००एक्स ऑइल-इमर्शन ऑब्जेक्टिव्ह (एनए, म्हणजे प्रकाश गोळा करण्याची क्षमता, १.२५), कॅमेरा आणि हाताने फिरवायचं स्टेज, असा हा सुटे भाग जोडून उभा करायचा संच. १ मायक्रॉनचा पॉलिस्टायरिन बीड (प्लास्टिकचा गोल कण) पकडायला झकास. फोकसजवळ आलेला बीड टपकन आत ओढला जातो. स्टेज सरकवलं तरी जागा सोडत नाही. एमएस्सीच्या मुलांना एवढंच दाखवायचं असेल तर पैसे वसूल. माहितीपत्रकातलं ‘पिकोन्यूटन (न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग) अचूक मोजा’ मात्र जपून घ्या.

खरा घोळ कॅमेऱ्यात आहे. स्टिफनेस (बीड एक नॅनोमीटर सरकला तर ट्रॅप, म्हणजे प्रकाशाची पकड, त्याला किती बलाने मागे ओढते) ०.०२ पिकोन्यूटन प्रति नॅनोमीटर धरला तर पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी बीडची थरथर साधारण १४ नॅनोमीटर, आणि ट्रॅप त्याला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत मध्यावर खेचतो. एक्सपोजर १० मिलिसेकंद ठेवलं की थरथर फ्रेममध्येच पुसली जाते, व्हेरियन्स (थरथरीचा पसारा) कमी भरतो आणि इक्विपार्टिशनने, म्हणजे तापमान आणि व्हेरियन्सवरून, काढलेला स्टिफनेस दहापटीहून जास्त येतो. एक्सपोजर ०.१ मिलिसेकंदावर आणा आणि दिव्याचा उजेड वाढवा. नाहीतर सरळ क्वाड्रंट फोटोडायोड (बीडची जागा झटपट टिपणारा चार भागांचा प्रकाश-संवेदक) घ्या.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात एसी नसलेली खोली ३८ अंशांवर सहज जाते. स्टिफनेस ड्रॅगवरून (पाण्याचा बीडला होणारा विरोध) किंवा पॉवर स्पेक्ट्रमवरून (थरथर कोणत्या वारंवारतेला किती) काढायच्या कॅलिब्रेशनला पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) लागते, आणि सॉफ्टवेअरमध्ये २५ अंशांचीच किंमत, ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, बसवलेली. ३८ अंशांना ती ०.६८ च्या आसपास. म्हणजे स्टिफनेस तीसेक टक्के फुगला! इक्विपार्टिशनमध्ये तापमानाची हीच चूक जेमतेम चार टक्क्यांची. थर्मामीटर भिंतीवर नको, नमुन्याशेजारी ठेवा. आणि कूलर बंद. त्याचे हादरे स्पेक्ट्रममध्ये शिखरं होऊन दिसतात.

चेंबर दुहेरी टेपचा, कव्हरस्लिप ०.१७ मिलिमीटरची, कडा नेलपेंटने बंद. एक कड जरी उघडी राहिली तरी उन्हाळ्यात पाणी उडतं, आत प्रवाह सुरू होतो आणि बीड एका बाजूला कलतो. बीड काचेला चिकटले तर बफरमधलं मीठ कमी करा किंवा किंचित ट्वीन-२० (साबणासारखं रसायन) घाला. मोजमाप काचेपासून ५ मायक्रॉनवर: त्याहून जवळ ड्रॅग वाढतो, फार खोल ट्रॅप ढिला पडतो.

कायनेसिनचं (पेशीत माल वाहत चालणाऱ्या प्रथिनाचं) ८ नॅनोमीटरचं पाऊल यावर दिसेल ही आशा सोडा. जिवंत पेशींवर काम असेल तर लाल लेझर नको, १०६४ नॅनोमीटरचा बघा. घ्यायचाच असेल तर फोटोडायोड आणि तापमान बदलू देणारं सॉफ्टवेअर कोटेशनमध्येच लिहून घ्या. यूपीएसचा खर्च वेगळा धरा; लाइट जाऊन आली की लेझर स्थिरावेपर्यंतची मोजमापं बाद.