सायलेन्सरला सिलिकॉनवाला, छपराला शुद्ध
नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत ॲल्युमिनियम चढवलेला पोलादी पत्रा मागवताना आधी प्रकार विचारा: थर शुद्ध ॲल्युमिनियमचा की सिलिकॉन मिसळलेला? वितळलेल्या शुद्ध ॲल्युमिनियममध्ये पोलाद बुडवलं की दोघांच्या मध्ये मिश्रधातूचा थर धरतो. त्यात मुख्यतः लोखंडाच्या 2 अणूंना ॲल्युमिनियमचे 5. सूक्ष्मदर्शकाखाली हा थर पोलादात जिभांसारखा घुसलेला दिसतो. जाड, कडक, पण ठिसूळ! पत्रा जोरात वाकवला की तिथेच तडा जातो. ॲल्युमिनियममध्ये 5 ते 11 टक्के सिलिकॉन असलं की ही वाढ आवरते, थर पातळ आणि बराच सपाट राहतो. म्हणून प्रेसवर घडवायचा, तापणारा सायलेन्सर असेल तर मी डोळे झाकून सिलिकॉनवालाच घेईन. नाशिकच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या, फारशा न वाकवायच्या छपराला मात्र शुद्धच सरस.